दुसऱ्याच्या मालकीच्या वयस्क घोड्याशी जवळीक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, उसाच्या फडांच्या शेजारी असलेल्या एका घोडेस्वारीच्या क्लासमध्ये मी नऊ वर्षांपूर्वी, वयाच्या ४१व्या वर्षी, शिकायला म्हणून गेलो. तेथे मला बसायला जी घोडी मिळाली तिचे नाव बिजली. तेव्हा ती १५ वर्षांची होती, आज २४ वर्षांची आहे, आणि या सगळ्या काळात ती एक दिवसही माझ्या मालकीची नव्हती. अलीकडे नव्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना पागेची ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे असते. तेच ते प्रश्न दर रविवारी येतात, म्हणून उत्तरे लिहून ठेवली आहेत. घोड्याच्या प्रकृतीच्या बाबतीत अर्थातच पशुवैद्यकांचा शब्द अखेरचा मानावा.

शिकवणीचे घोडे बहुतेक वेळा वयस्कच का असतात?

कावळा नाक्यावरील ताराराणींचा अश्वारूढ पुतळा पाहत वाढलेल्या मुलांच्या मनात घोडा म्हटला की पुढचे पाय उचललेले, नाकपुड्या फुलवलेले जनावर उभे राहते. आणि पागेत खालचा ओठ लोंबत ठेवून, एक मागचा पाय सैल सोडून डुलक्या काढणारी बिजली दिसली की त्यांचा चेहरा उतरतो. परंतु नवशिक्याचा तोल गेला, लगाम चुकून ओढला गेला, टाच नको तेथे लागली, तरी न बिथरता जागच्या जागी थांबणे हे जनावराला वर्षानुवर्षांच्या कामातून येते. चार-पाच वर्षांच्या घोड्याकडून त्याची अपेक्षा करता येत नाही. आपल्याकडील क्लासमध्ये रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात, कानांची टोके आत वळलेले मारवाडी आणि काठियावाडी असतात, क्वचित भीमथडीच्या रक्ताचे काटक तट्टूही असते. शर्यतीचा घोडा मैदानातून लवकर बाहेर पडतो खरा, पण पळणे सोडून थांबायला शिकण्यात त्याची पुढची कित्येक वर्षे जातात, आणि तो नवशिक्याच्या भरवशाचा होतो तेव्हा वयाची पंधरी गाठलेली असते.

घोडा म्हातारा कधी समजावा, आणि त्याचे वय कसे कळते?

चांगली देखभाल असेल तर घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. पंधराव्या वर्षानंतर त्याच्या सांध्यांकडे आणि दातांकडे अधिक लक्ष द्यावे लागते, आणि विशीनंतर त्याला म्हातारा म्हणायला हरकत नाही. कागदपत्रे नसतील तर जाणकार दात पाहतात. वरच्या जबड्यातील पुढच्या दातांपैकी कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षाच्या आसपास ती दाताच्या मध्यापर्यंत येते आणि विसाव्याच्या सुमारास टोकापर्यंत पोहोचते. हा अंदाज असतो, जन्मदाखला नव्हे. आपण स्वतः घोड्याचे तोंड उघडून पाहण्याच्या फंदात पडू नये.

पहिल्या दिवशी घोड्याजवळ कसे जावे?

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला भोवतालचे सुमारे ३५० अंश दिसते. दिसत नाहीत त्या दोनच जागा, एक कपाळाच्या अगदी समोरची आणि दुसरी शेपटीच्या थेट मागची. हौशी माणूस नेमका या दोन जागा निवडतो. म्हणून आधी आवाज द्यावा, त्याचा कान आपल्याकडे वळेपर्यंत थांबावे, आणि मग तिरके चालत खांद्याच्या बाजूने जवळ जावे. वयस्क घोड्याच्या बाबतीत मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसाला, एक गोष्ट आवर्जून विचारावी, ती म्हणजे दोन्ही डोळ्यांनी नीट दिसते का. बिजलीच्या डाव्या डोळ्यात गेल्या तीन वर्षांत मोतीबिंदू वाढला आहे, त्यामुळे डावीकडून गुपचूप आलेला माणूस तिच्या लेखी एकदम आकाशातून पडतो आणि ती दचकते. त्यात तिचाही दोष नसतो आणि त्या माणसाचाही नसतो, पण पाय मात्र माणसाचाच चेंगरतो.

जोतिबाचे वाहन म्हणून काही आजी घोडीला नमस्कार करायला थेट पायांशी वाकतात. त्यांच्या भावनेला धक्का न लावता आम्ही त्यांना घोडीच्या खांद्याला हात लावायला सांगतो.

ती मला ओळखते का? की सगळेच तिला सारखे?

ओळखते. घोड्याची स्मरणशक्ती चांगली असते, आणि कोणत्या माणसाबरोबर आपल्याला सुख मिळाले, कोणाबरोबर त्रास झाला, हे तो बराच काळ विसरत नाही. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये २८ घोड्यांना अनोळखी माणसांचे हसरे आणि रागीट चेहरे छायाचित्रांतून दाखवले, तेव्हा रागीट चेहऱ्याकडे घोड्यांनी डाव्या डोळ्याने पाहण्याचा कल दाखवला आणि त्यांच्या हृदयाची गतीही अधिक झपाट्याने वाढली. कामावरचा वैताग चेहऱ्यावर घेऊन पागेत शिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मी स्वतः मार्चअखेरच्या दिवसांत बिजलीजवळ जाण्याआधी हौदावर तोंड धुऊन घेतो.

मात्र ओळखणे आणि आपल्याला हवे तसे प्रेम दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण फाटकातून आलो की घोडी खिंकाळेल, धावत येईल, खांद्यावर मान ठेवेल, अशी अपेक्षा पालकसुद्धा बाळगतात. बिजली माझ्यासाठी नऊ वर्षांत एकदाही खिंकाळलेली नाही. ती खिंकाळते ती चंदीची, म्हणजे तिच्या दाणा-खुराकाची, बादली वाजली की. माझ्या बाबतीत तिने जे केले ते इतके बारीक होते की ते कळायला मला दोन वर्षे लागली. मी जवळ उभा राहिलो की ती कान ताठ न ठेवता बाजूंना सैल सोडते, खालचा ओठ लोंबू देते आणि मागचा एक पाय टेकवून निवांत होते. ज्या माणसाचा भरवसा नाही त्याच्याजवळ ती अशी सैल उभी राहत नाही.

स्वारीआधी खरारा करायला का लावतात? ते काम तर मोतद्दाराचे आहे.

खरारा हे धूळ काढण्याचे काम आहे, पण तेवढेच नाही. दोन घोडे एकमेकांच्या मानेच्या बुडाशी दातांनी खाजवत उभे असलेले आपण कधी तरी पाहिले असेल. खोगिराच्या पुढे, आयाळ संपते तेथला उंचवटा ही त्यांची आवडती जागा. फ्रान्समध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जागी खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके कमी होतात असे आढळले, तर अंगावर इतरत्र खाजवून तसा परिणाम दिसला नाही. आमच्या मोतद्दार मामांनी हा अभ्यास वाचलेला नाही. पहिल्याच आठवड्यात मी बिजलीच्या मानेवर शाबासकीच्या थापा मारत होतो, तेव्हा ते म्हणाले होते, "थापटू नगा सायेब, खाजवा. थापटल्यावर तिला वाटतंय माशी बसली." आणि खरोखरच थाप पडली की तिची कातडी थरथरायची.

खरारा मानेपासून सुरू करून खांदा, पाठ, पुठ्ठा असा गोल गोल हाताने करावा. हाडाच्या जागी, पोटाखाली आणि पायांवर लोखंडी खरारा चालवू नये, तेथे मऊ ब्रश घ्यावा. वयस्क घोड्याच्या पाठीवरचे मांस उतरलेले असते, कण्याचे मणके हाताला लागतात, तेथे हात हलका हवा. हात चालू असताना घोड्याच्या तोंडाकडे लक्ष असू द्यावे. नेमकी जागा सापडली की बिजलीचा वरचा ओठ पुढे येतो, लांबतो आणि हवेतच कोणाला तरी खाजवल्यासारखा हलू लागतो; पुठ्ठ्यावरच्या जुन्या दुखऱ्या जागेजवळ हात गेला की तोच ओठ आवळला जातो, नाकपुडीवर सुरकुती पडते आणि शेपटी एकदा फटकन हलते. ही भाषा येथे फुकट शिकायला मिळते. ती खोगिरावर बसून शिकता येत नाही, कारण तेथून तिचे तोंड दिसतच नाही.

तिच्यासाठी गूळ आणू का?

इथेच घोडे पेंड खाते. कोल्हापूरचा माणूस कोणाकडे रिकाम्या हाताने जात नाही, आणि हाताशी गूळ असतोच. पूर्वी माझ्याही उजव्या खिशात रोज खडा असायचा, आणि तोही मोतद्दारांची नजर चुकवून दिलेला. सहा महिन्यांत बिजलीला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा खिसा हुंगायची सवय लागली, आणि एके दिवशी तिने एका आठ वर्षांच्या मुलीची बाही दातांत धरून ओढली. मुलीला खरचटले नाही, पण मालकांनी "हे कोणी शिकवलं?" असे विचारले तेव्हा मान खाली घालून मला पुढे यावे लागले. घोडी निर्दोष होती. जी लाडीगोडी मी जवळीक समजत होतो ती प्रत्यक्षात खिशाशी झालेली जवळीक होती.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. वय वाढले की काही घोड्यांत संप्रेरकांचा बिघाड होतो. अंगावरचे केस लांब वाढतात आणि वेळेवर गळत नाहीत, पाणी जास्त लागते, आणि साखरेचा भार शरीराला पेलत नाही. अशा घोड्याला गोड खाणे लॅमिनायटिसकडे नेऊ शकते. यात खुराच्या आत हाड आणि नख यांना धरून ठेवणाऱ्या नाजूक पदरांना सूज येते, प्रत्येक पाऊल वेदनेचे होते, आणि काही घोडे त्यातून कधीच पूर्ण सावरत नाहीत. आपला एक खडा निरुपद्रवी असेल, पण दिवसभरात १२ जण येतात आणि प्रत्येक जण एकच खडा देतो.

हिरवा चाराही विचारूनच द्यावा. गळिताच्या हंगामात उसाचे वाढे आपल्याकडे गावोगाव जनावरांपुढे पडतात, बांधावर हत्तीगवत असते, आणि गाई-म्हशी खातात तर घोड्याला काय झाले, असा प्रश्न साहजिक आहे. या चाऱ्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. रवंथ करणारे जनावर ते बऱ्याच अंशी पचवते, घोडा तसे करू शकत नाही. असा चारा दीर्घकाळ मुख्य अन्न झाला तर त्याची हाडे ठिसूळ होतात आणि जबड्याची हाडे फुगतात. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले चुकीचे अन्न त्याच वाटेने बाहेर येत नाही.

काही आणायचेच असेल तर मालकांना विचारून गाजर आणावे, ते उभे लांब चिरावे, गोल चकत्या करू नयेत, कारण चकती घशात अडकू शकते. ते हातावर न भरवता स्वारी संपल्यावर बादलीत टाकावे. ज्या घोड्याचे दात झिजले आहेत आणि ज्याच्या तोंडातून अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे पडतात, त्याला गाजरही किसूनच द्यावे लागते.

मालक, शिक्षक आणि मोतद्दार यांपैकी कोणाला विचारायचे?

खाणे, औषध, नाल आणि पैसा यांबाबत मालकांना; स्वारीबाबत शिक्षकांना; आणि आज घोडी कशी आहे हे मोतद्दाराला. तिसरा प्रश्न रोज विचारावा. रात्री लीद किती टाकली, पाणी किती प्यायली, सकाळी उठताना कोणता पाय जड होता, हे त्यालाच ठाऊक असते. घोडी त्याची अधिक आहे याचे वाईट वाटून घेऊ नये. तो दिवसातून दहा वेळा तिच्यापुढे येतो, आपण आठवड्यातून दोनदा.

खोगीर चढवताना ती कान मागे टाकते आणि चावायला वळते. तिला मी आवडत नाही का?

राग आपल्यावर असण्यापेक्षा तंगावर, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्यावर, असण्याची शक्यता अधिक. वयानुसार पाठीचा आकार बदलतो, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी बेतशीर बसणारे खोगीर आज टोचत असू शकते. पोटात व्रण असू शकतात. किंवा कोणी तरी एका दमात तंग आवळल्याची जुनी आठवण असू शकते. तंग तीन टप्प्यांत ओढावा. आधी खोगीर घसरणार नाही इतपत, मग चार पावले चालवून एक भोक, आणि चढण्याच्या अगदी आधी आणखी एक. तिने कान मागे टाकले तर थांबावे, आणि ही वागणूक नवी असेल तर त्याच दिवशी मोतद्दाराला सांगावे. फटका मारू नये. फटक्याने कान मागे टाकणे थांबते, दुखणे तसेच राहते, आणि पुढच्या वेळी ती सूचना न देता चावते.

शिक्षक बसले की ती दुडकी (हलकी धाव) धरते, माझ्याबरोबर मात्र पाऊल उचलत नाही. ती मला फसवते का?

शिकवणीच्या घोड्याला लबाड ठरवण्याची आपल्याकडे फार घाई असते. त्याच्या पाठीवर दिवसाला चार-पाच माणसे बसतात, प्रत्येक जण वेगळ्या जागी टाच लावतो, एकाच वेळी टाचेने पुढे जा म्हणतो आणि लगामाने थांब म्हणतो. तेव्हा ज्या संकेताचा अर्थ लागत नाही तो सोडून देणे हा त्याने काढलेला शहाणपणाचा मार्ग आहे. त्यात आपल्या रिकिबी नीट नसतात, आपण लगामाच्या आधाराने तोल सांभाळत असतो. एकदा शिक्षकांनी मला रिकिबी काढून, लगाम मानेवर टाकून, बिजलीला लांब दोरीवर गोल फिरवत तिच्या पाठीवर बसवले होते. पंधरा मिनिटांत तिने माझ्या नुसत्या श्वासावर चाल बदलली. म्हणजे ती ऐकत होतीच, माझ्याकडूनच गोंगाट फार होत होता.

वयस्क घोड्याच्या बाबतीत आखडलेले सांधेही विचारात घ्यावेत. पहिली दहा-पंधरा मिनिटे साधी कदमचाल द्यावी, मोठी वर्तुळे घ्यावीत, आणि मगच दुडकी मागावी. पंधरा मिनिटांनंतरही ती लंगडत असेल, किंवा दुडकीत डोके एका पावलाला वर आणि एका पावलाला खाली जात असेल, तर तो आळस नाही. उतरावे आणि सांगावे.

माझे वजन ७८ किलो आहे. चालेल का?

सर्वसाधारण संकेत असा की स्वार आणि खोगीर मिळून भार घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक नसावा. घोडी ४०० किलोची असेल तर ही मर्यादा ८० किलोची होते, आणि खोगिराचे आठ-दहा किलो त्यातूनच वजा करायचे असतात. वयस्क, सांधे दुखणाऱ्या घोड्यासाठी मर्यादा आणखी खाली आणावी लागते. अशा वेळी शिक्षकांनी दुसरा घोडा दिला तर तो आपला अपमान समजू नये. चढताना मात्र वजन कितीही असो, दगडी ओट्यावरूनच चढावे. जमिनीवरून रिकिबीला लोंबकळत चढल्याने तिच्या पाठीला एका बाजूने हिसका बसतो.

रोज इतकी माणसे बसतात, तर त्यात माझे वेगळे स्थान कसे निर्माण होणार?

स्वारीमुळे ते निर्माण होत नाही. तिच्या दृष्टीने स्वारी हे काम आहे आणि ते ती सगळ्यांसाठी करते. कामाच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास मात्र बहुतेक विद्यार्थी वापरतच नाहीत. गाडी लावली, चढले, उतरले, गेले. त्या वेळात तिला मोरकी (तोंडावर बांधायची दोरी) घालून सावलीत नुसते उभे करावे, कडेचे गवत खाऊ द्यावे, खूर साफ करावेत, घाम पुसावा. नेहमी त्याच वाराला, त्याच वेळी यावे. तीच हाक, तोच क्रम, तोच हात. म्हाताऱ्या जनावराला नावीन्याची हौस नसते, पुढे काय होणार हे ठाऊक असण्यात त्याला सुख असते.

पावसाळ्यात क्लास बंद असतो. मग येऊन काय करायचे?

पावसाळ्यातच यावे, असे मी म्हणेन. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानातली तांबडी माती पायाला किलोकिलोने चिकटते आणि स्वारी होत नाही. बाकी विद्यार्थी दोन महिने फिरकत नाहीत. माझी आणि बिजलीची खरी ओळख दुसऱ्या पावसाळ्यात झाली. वर पत्र्यावर पाऊस कोसळत होता, आवाजात बोलणे ऐकू येत नव्हते, मी उलट्या बादलीवर बसून तिच्या खुरातला चिखल काढत होतो. पुढचा उजवा खूर झाला, मी डाव्याकडे वळलो, तर मी सांगण्याआधीच तिने तो पाय उचलून धरला. तोपर्यंत दर वेळी मला तिच्या पायाच्या मागच्या शिरेवर चिमटा घ्यावा लागत असे. खुराच्या तळव्यातील मऊ भागाला या दिवसांत कुजका वास आणि काळा पू येऊ लागतो, तो वेळीच कळतो तो अशा रिकामटेकड्या माणसालाच.

उन्हाळ्याबद्दल थोडेच. गाडी ओढणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ सालचे नियम आहेत आणि त्यांनुसार तापमान ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत त्यांच्याकडून काम घेता येत नाही. स्वारीच्या घोड्यालाही आम्ही तोच न्याय लावतो, आणि एप्रिल-मेमध्ये साडेआठलाच क्लास आटोपतो.

गणपतीत आणि दिवाळीत तिच्याजवळ थांबता येईल का?

मालकांची परवानगी असेल तर थांबावे, आणि शांतपणे काही तरी काम करत राहावे. डॉल्बीची मिरवणूक दोन किलोमीटरवरून जात असली तरी तिला तो दणका जाणवतो. अशा वेळी तिला कवटाळू नये, दारात उभे राहू नये, आणि पुढ्यात वैरण भरपूर ठेवावी.

ती आजारी आहे हे मला कसे कळेल, आणि मी काय करावे?

निवांत उभ्या असलेल्या घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला २८ ते ४४ ठोके पडतात, श्वास ८ ते १६ असतात आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. जबड्याच्या हाडाखाली बोटे ठेवून नाडी मोजायला मोतद्दाराकडून शिकून घ्यावे. शिकायला दहा मिनिटे लागतात आणि तिलाही त्या स्पर्शाची सवय होते. वारंवार पोटाकडे वळून पाहणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, पुन्हा पुन्हा आडवे पडून लोळणे, लीद न टाकणे, चंदीकडे पाठ फिरवणे ही पोटशूळाची लक्षणे आहेत आणि पोटशूळ घोड्याचा जीव घेऊ शकतो. अशा वेळी घरगुती काढा, तेल, ओवा काहीही पाजू नये. पुढची वैरण काढून घ्यावी, मालकांना आणि पशुवैद्यकांना फोन करावा, आणि किती वाजल्यापासून काय दिसले हे लिहून ठेवावे. आपण मालक नसल्यामुळे उपचाराचा निर्णय आपला नसतो, पण पहिला फोन कोणीही करू शकतो. स्वतः मात्र धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

मालक घोड्याची नीट काळजी घेत नाहीत असे वाटले तर?

आधी पाहावे, विचारावे, आणि मग बोलावे. पूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी जात असे. तेथे एका घोड्याच्या पाठीवर खोगिराची जखम दिसली म्हणून मी चार पालकांदेखत मालकांना सुनावले. जखम खरी होती, पण तो घोडा १५ दिवसांपासून स्वारीतून काढलेला होता आणि त्याच्यावर उपचार चालू होते, हे मला ठाऊक नव्हते. त्यानंतर मला त्या पागेत प्रवेश उरला नाही, आणि त्या घोड्याला माझा काडीचाही उपयोग झाला नाही. म्हणून एकांतात, "हिच्या पाठीला आज हात लावू देत नाही, आपण पाहता का?" अशा शब्दांत सांगावे. शक्य असेल तर नालबंदीचा एखादा खर्च किंवा दातांच्या तपासणीची फी देऊ करावी. वयस्क घोडा मिळवतो कमी आणि त्याचा खर्च वाढत जातो, हे मालकांचे दुखणेही खरे असते. मात्र दुखऱ्या पायाच्या घोड्यावर सांगूनही रोज माणसे बसवली जात असतील, तर तेथे बसणे आपण थांबवावे आणि प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याखाली तक्रार करता येते हे लक्षात ठेवावे.

मुलगी म्हणते, हीच घोडी विकत घेऊ या. घ्यावी का?

२० वर्षांपुढची घोडी विकत घेणे म्हणजे तिची आणखी पाच-दहा वर्षांची वैरण, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, दरवर्षी दात, औषधे, जागा आणि पूर्ण वेळचा माणूस विकत घेणे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ती ठेवायची कोठे, तर पुन्हा त्याच पागेत. शिवाय घोडा कळपाने राहणारा प्राणी आहे. बंगल्याच्या आवारात एकटी ठेवलेली घोडी झुरते. त्याऐवजी मालकांशी बोलून आठवड्यातील दोन दिवस ठरवून घ्यावेत, त्या दिवसांचा खर्च उचलावा, आणि कोणती जबाबदारी कोणाची हे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ओळखीत कागद कशाला, असे मालक म्हणाले तरी लिहावे.

तिचे फोटो टाकले तर चालतील का?

मालकांना विचारून. इतर मुलांचे चेहरे दिसत असतील तर त्यांच्या पालकांनाही विचारून.

ती निवृत्त झाली, किंवा मालकांनी तिला दुसरीकडे दिले, तर?

दोन्ही होऊ शकते आणि दोन्ही बाबतींत आपल्याला मत विचारले जाईलच असे नाही. विक्रीची कुणकुण लागली तर, नवीन जागी ती काय खाते, कोणत्या बाजूने दचकते, तंग कसा ओढायचा, हे एका कागदावर लिहून मालकांच्या हाती द्यावे. ते तिच्याबरोबर गेले तर आपल्या नऊ वर्षांचा तिला तेवढा तरी उपयोग होतो. मुलांपासून ही गोष्ट लपवू नये, आणि "ती शेतावर गेली" असे खोटेही सांगू नये, कारण मग मूल पुढच्या रविवारी शेताचा पत्ता विचारते.

बिजली गेल्या दिवाळीपासून स्वारीतून बाहेर आहे. मालकांनी तिला पागेतच ठेवले आहे, चंदी भिजवून मऊ करून देतात, आणि सकाळी तिला बाकीच्या दोन घोड्यांबरोबर मोकळे सोडतात. मी रविवारी साडेसातला जातो, खरारा करतो, खूर पाहतो, कडेच्या पायवाटेने विहिरीपर्यंत तिला चालवत नेतो आणि परत आणतो. जाऊन-येऊन चाळीस मिनिटे लागतात, पूर्वी पंचवीस लागत. विहिरीपाशी ती थांबते, दम घेते, आणि माझ्या उजव्या खिशाला एकदा नाक लावून पाहते. खिशात खूर साफ करायची आकडी असते.